बाल्कनीतली धूळ

सावंतवाडी,
२० मे

चि. समीर यास अनेक आशीर्वाद.

एसटी पहाटे वेळेवर पोचली. आंबोलीच्या घाटात धुकं होतं, बाकी प्रवास ठीक.

एक गोष्ट तिथे बोललो नाही, कारण सूनबाईसमोर तुला बोलणं बरं दिसलं नसतं. निघायच्या आदल्या रात्री तू साडेनऊला लाकूड घासायचा तो सँडर बंद केलास, बाल्कनी झाडलीस, लादी अगदी लखलखीत. अकराला तुम्ही झोपल्यावर मी तिथला दिवा मालवला आणि बॅटरी लावून बघितली. उजेडाच्या पट्ट्यात धूळ तरंगत होती. दीड तास झाला तरी! त्यातली बरीचशी तुझ्या झाडूनेच उठवलेली असणार. काचा लावून बाल्कनी बंद केलीस, मग ती जाणार कुठे? दाराच्या फटीतून हॉलमध्ये. आणि हॉलमध्ये मनू रांगते.

करवतीचा भुसा खाली बसतो, त्याचं मला काही वाटत नाही. पॉलिश पेपरची धूळ वेगळी. १२० नंबरनंतर २४० लावलास की लाकूड गुळगुळीत होतं आणि धूळ आणखी बारीक. केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन धरली, तर यातली अगदी बारीक धूळ दहाच्याही खाली. एरवी डोळ्यांना दिसत नाही, पार छातीत खोल जाते. सँडरच्या मागे ती कापडी पिशवी आहे ना, ती जाड भुसा धरते आणि नेमकी ही बारीक धूळ सोडून देते.

आम्ही कारखान्यात नाकाला पंचा बांधायचो. तोही उन्हाळ्यात नाही. सागवान, शिवण, फणस, शिसव, सगळं त्याच नाकाने ओढलं. सागाने माझ्या मनगटावर पुरळ यायचं ते तुला आठवत असेल, त्या लाकडातच तसं द्रव्य असतं. चार वर्षांपूर्वी नाक कायमचं चोंदलं, तेव्हा डॉक्टरांनी आधी विचारलं, "धंदा काय?" नाकात मांस वाढलंय म्हणाले, साधं निघालं हे नशीब. त्यांनीच सांगितलं, की इंग्लंडात हाय विकम म्हणून खुर्च्या करणाऱ्यांचं गाव आहे, तिथल्या कारागिरांत नाकाचा एक दुर्मिळ कॅन्सर १९६० च्या दशकात डॉक्टरांच्या लक्षात आला. ओक आणि बीच ही तिथली लाकडं. पुढे १९९५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने लाकडाची धूळ नक्की कॅन्सर करणाऱ्यांच्या यादीत टाकली. हे वर्षानुवर्षं धूळ खाणाऱ्यांचं आहे, तू रविवारी दोन तास करतोस. म्हणून घाबरू नकोस. पण मनूचं वय दहा महिने.

आता काय करायचं ते. सँडरला पाइप लावून थेट व्हॅक्यूम जोड. घरातला साधा नको, तो बारीक धूळ मागून परत खोलीत फेकतो. हेपा फिल्टरवाला घे, अगदी बारीक धूळही धरणारा, महाग पडला तरी. मधे झाकणाची बादली आणि सायक्लोन, म्हणजे हवा गरगर फिरवून भुसा वेगळा करणारं नरसाळं, बसव, म्हणजे जाड भुसा बादलीत पडेल आणि फिल्टर लवकर तुंबणार नाही. एक काच काढून तिथे बाहेर फेकणारा पंखा लाव आणि समोरची फट हवा आत यायला उघडी ठेव. टेबलफॅन मात्र बंद. हॉलच्या दाराखाली ओला टॉवेल. झाडू नको, ओल्या फडक्याने पूस. मशीन थांबलं तरी मास्क लगेच काढू नकोस. आणि मनूला उचलायच्या आधी शर्ट बदल, हातपाय धू.

मास्क एन-९५ च हवा, कापडी किंवा हिरवा-निळा नाही. आणि दाढी! मास्क गालाला घट्ट बसला नाही तर हवा फटीतून आत येते. तुझी आई तर दाढी काढायला निमित्तच शोधत होती.

एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेली फळी, घरी घासूच नकोस. त्यात फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो. कापून, कडा मारून दुकानातूनच आण.

आणखी एक, हे जरा म्हाताऱ्याचं खूळ समज. पॉलिश पेपरऐवजी आम्ही फुटलेल्या काचेच्या तुकड्याने लाकूड खरवडायचो. आता तेच काम करणारं पोलादी पातं मिळतं. रंधा चांगला लावलास आणि वर हे पातं फिरवलंस तर सागावर सँडर लागतही नाही. पातळ साली निघतात, त्या हवेत उडत नाहीत. माझा जुना रंधा पुढच्या खेपेला आणतो. धार लावायला हात बसेपर्यंत बोटं कापशील, चालायचंच.

चितार आळीतल्या त्या खेळण्यांच्या दुकानात मनूसाठी लाकडी फळं घेतली आहेत. सोबत कापा फणस पाठवतोय. आई म्हणाली, "पिकलो हा." मला आता वास कळत नाही, तेव्हा तू हुंगून बघ आणि मगच काप.

तुझा,
बाबा