पहिला घास

ठाणे,
कोजागिरी पौर्णिमा, ६ ऑक्टोबर २०२५

प्रिय दिनू,

सप्रेम नमस्कार.

फोनवर आपलं बोलणं होतं, तरी हे पत्र लिहितोय. जे सांगायचंय ते फोनवर सांगायला गेलो तर तू "बरं बरं, पाऊस काय म्हणतोय तिकडे" करून विषय बदलशील. कागदावर तुला तसं करता येणार नाही.

आधी दसऱ्याचं सांगतो. आदल्या संध्याकाळी जांभळी नाक्याला झेंडू आणायला गेलो होतो. रस्त्याच्या कडेला एक आजी बसल्या होत्या. पुढ्यात गोणपाटावर आपट्याची पानं, झेंडू आणि भाताच्या लोंब्यांच्या जुड्या. जुडी वीस रुपयांना. मी एक लोंबी उचलून दाणा नखानं सोलून पाहिला, आत अजून दूध होतं. आजी म्हणाल्या, "हळवा हाय, म्हणून एवढ्यात मिळाला." मग विचारलं, "ऱ्हाता कुठं?" कोलशेतला, म्हटलं, आणि सोसायटीची खूण सांगितली. त्या थोडा वेळ बोलल्या नाहीत. "तिथंच आमचं भात व्हायचं," एवढं म्हणून त्यांनी जुडीत आंब्याचं पान खोवलं आणि माझ्या हातात दिली. लोंब्या कुठल्या, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, शहापूरकडून आणल्यात.

दुसऱ्या दिवशी दाराला ते नवं, म्हणजे नव्या भाताची ती जुडी, बांधलं खरं, पण बांधताना हात जड झाला. ज्या जमिनीवर माझं घर उभं आहे तिथल्या लोंब्या माझ्या दारापर्यंत यायला शहापूरहून निघतात, आणि ज्या बाईची ती जमीन होती ती मला त्या वीस रुपयांना विकते. त्या रात्रीपासून एकच प्रश्न डोक्यात घोळतोय. पीक हाती आलं की माणूस आभार मानतो, ते नेमके कुणाचे?

तुला आठवतं, आमच्या ऑफिसातले एक जुने सहकारी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, आहेत? टेंभी नाक्याजवळ राहतात, तिथून त्यांचं सिनेगॉग अगदी जवळ. १८७९ सालचं आहे ते. 'शार हाशमाईम', म्हणजे स्वर्गाचं दार. त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटून लागले, असं ते मानतात. पुढे कोकणात तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणायचे. घरात आपल्यासारखंच मराठी. त्यांच्या मुलाचं मोठं दुखणं यंदा बरं झालं, तेव्हा त्यांनी घरी मलिदा केला आणि मला बोलावलं. मलिदा म्हणजे त्यांच्या एलियाहू हन्नबी या प्रेषिताचे आभार मानण्याचा विधी. मोठ्या ताटात भिजवलेल्या पोह्यांचा ढीग, त्यात साखर, ओलं खोबरं, वेलची, सुका मेवा. आणि भोवती फळं. प्रार्थना हिब्रूतून झाली, पण ताटाकडे पाहिलं तर वाटावं आपल्याच आजोळी बसलोय. सगळं झाल्यावर त्यांनी मुलाच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "याच्यासाठी." बाकी काही बोलले नाहीत. कुणाला आणि कशासाठी, दोन्ही स्पष्ट.

आज त्यांच्याकडे सुक्कोत सुरू झाला. सूर्य मावळला की सण लागतो, सात दिवस चालतो. पीक गोळा करून झाल्याचा सण आणि पूर्वजांनी वाळवंटात पालांतून काढलेल्या दिवसांचीही आठवण, दोन्ही एकत्र. फांद्यापानांचा मांडव घालतात आणि छप्पर असं विरळ ठेवतात की आतून तारे दिसावेत. धान्य घरात आलं, कोठार भरलं, नेमक्या त्याच आठवड्यात पक्क्या छपराखालून उठून झोपडीत जेवायला बसायचं! मला ही कल्पना फार मोठी वाटते. त्यांच्या जुन्या माणसांत नव्या धान्याच्या खिरीचाही एक सण होता, खिरीचा सणच म्हणायचे त्याला.

आणि गंमत बघ, आजची पौर्णिमा एकच. इकडे आपली कोजागिरी आणि नवान्न, तिकडे सुक्कोत, आणि कोरियात आजच चुसोक, त्यांचा सुगीचा सण. त्या दिवशी कोरियन लोक नव्या तांदळाच्या पिठाचे सोंगप्योन करतात. आपल्या मोदकाच्या उकडीसारखीच उकड, आत तीळ वगैरे सारण, आणि पाइनच्या सुईसारख्या पानांवर वाफवायचे. आपण हळदीच्या पानावर पातोळ्या वाफवतो ना, तसंच. ते आधी पूर्वजांपुढे ठेवतात, मग स्वतः खातात. चीनमध्येही आज चंद्राचाच सण आहे.

कालचा रविवार ईस्ट इंडियन लोकांच्या, म्हणजे इथल्या मूळच्या मराठी कॅथलिकांच्या, आगेऱ्याचा, त्यांच्या सुगीच्या सणाचा, ऑक्टोबरचा पहिला रविवार. आमच्या मजल्यावरच्या बाई त्यातल्याच. भाताच्या लोंब्या कापून चर्चमध्ये आणायच्या, तिथे आशीर्वाद झाला की घरोघरी न्यायच्या. त्यांच्या घराण्याची शेतंही केव्हाच गेली. काल त्यांनी दार उघडलं तेव्हा मारियेच्या तसबिरीला लोंब्या लावलेल्या दिसल्या, आणि त्यांनी माझ्या दाराकडे पाहिलं. दोन्ही दारांत तेच भात. आम्ही दोघंही हसलो.

घाटावरच्या पोळ्याचं तर काय सांगावं. आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे हळद-तुपानं चोळायचे आणि त्याच्या कानात सांगायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." माणसाला जेवायला बोलवायची जी रीत तीच बैलाला. आणि ऋषिपंचमीला आपल्या आया बैलाच्या कष्टाचं काहीच खात नव्हत्या, त्या दिवसापुरतं त्याचं देणं डोक्यावर नको म्हणून. त्याच पंचमीला पश्चिम ओडिशात नुआखाई, म्हणजे नवं खाण्याचा सण, असते, संबलपूरला समलेश्वरी देवीपुढे नवा तांदूळ ठेवल्याशिवाय कुणी तो तोंडात घालत नाही. आमच्याकडचे मल्याळी शेजारी ओणमला फुलांची रांगोळी घालतात ती महाबळीसाठी, वर्षातून एकदा आपल्या माणसांना भेटायला येणाऱ्या राजासाठी. चेंदणी कोळीवाड्यातले लोक नारळ सोडतात तो दर्याला. दिनू, यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे आपण कुणापुढे हात जोडतोय.

अमेरिकेच्या थँक्सगिव्हिंगबद्दल मला तितकंसं बरं वाटत नाही, तेही लिहितो. माझी पुतणी बॉस्टनला असते, ती प्लिमथ पाहून आली. तिथे उतरलेल्या इंग्रजांचं पहिलं पीक १६२१ साली आलं, तेव्हा तिथले मूळ रहिवासी वाम्पानोग लोक त्यांच्यासोबत तीन दिवस जेवले. मका कसा लावायचा हे त्यांनीच या नवख्यांना शिकवलं होतं. पुढे लिंकनने १८६३ मध्ये देशभराचा आभारदिन जाहीर केला. आता नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी घराघरांत पंगती बसतात, आणि त्याच दिवशी प्लिमथच्या टेकडीवर मूळ रहिवाशांचे वंशज जमून शोकदिन पाळतात, १९७० पासून. जमीन त्यांची गेली आणि आभार देवाचे मानले गेले. पुतणीनं हे सांगितलं तेव्हा मला जांभळी नाक्यावरच्या आजीच दिसत होत्या.

आता मुद्द्याचं.

माझे वडील तुमच्या वाडा गावच्या शाळेत शिक्षक होते आणि मी सातवीत होतो, त्या वर्षी तुमच्याकडे नवं केलं तेव्हा मी होतो. काकींनी नव्या तांदळाचा भात काढला होता, वाफ सगळ्या ओटीवर पसरली होती. पहिला घास गाईला गेला. दुसरा चुलीजवळ ठेवला. तुझ्या गड्यांच्या पाड्यावर वारली माणसं कणसरीला, त्यांच्या धान्याच्या देवीला, दिल्याशिवाय नवं खात नाहीत, ते काकींनीच तेव्हा मला सांगितलं. मग तू ताट पुढे सरकवलंस, तर काकींनी तुझा हात बाजूला केला आणि माझ्या पानात वाढलं. त्या भाताला तूपही लागत नव्हतं. मी तीन वेळा मागून घेतला आणि "छान होता" एवढंसुद्धा म्हणालो नाही. काकी गेल्या तेव्हा मी आलो होतो, तेव्हाही हे बोलता आलं नाही.

त्यानंतर इतकी वर्षं तू झिनी, म्हणजे तुमचा वाडा कोलम तांदूळ, पाठवतोस. वाडा कोलमला भौगोलिक मानांकन मिळालं, बाजारात भाव चढला, व्यापारी तुझ्या खळ्यावर येऊन थांबतात; पण माझं पोतं त्याआधी बाजूला निघतं. गेल्या वर्षी कापणीत पाऊस आला, भारे भिजले, उडवी उघडून पुन्हा वाळवावी लागली, हे मला तुझ्या मुलाकडून कळलं. तू पोतं पाठवलंसच. मी पैसे पाठवले आणि माझं काम झालं असं समजलो. पोहोचल्याचा फोनही चार दिवसांनी केला. यंदा मराठवाड्यात शेतंच्या शेतं पाण्याखाली गेलेली बातम्यांत पाहिली आणि पोटात गोळा आला. तुझी खाचरं कशी आहेत हे मी त्या रात्री विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

म्हणून आज लिहितोय. दिनू, माझ्या घरात शिजणारा भात तुझ्या हातचा आहे. माझ्या मुलींची हाडं त्याच भातावर वाढली. चिखलणीत तुझी कंबर मोडते, आवणीला वहिनी दिवसभर वाकून असतात, आणि आमच्या ताटात ते पांढरंशुभ्र, बारीक, वासाचं येऊन पडतं. मी तुझा आणि वहिनींचा मनापासून आभारी आहे. काकींचाही, आणि ते सांगायला मला फार उशीर झाला.

हळव्याची कापणी आता लागली असेल, झिनीला अजून महिना तरी लागेल. झिनी कापायला घ्याल त्याच्या आदल्या दिवशी मला कळव. मी चार दिवसांची रजा टाकून ठाण्याहून वाड्याच्या एसटीनं येतो. कापणी मला फार जमायची नाही, पण भारे वाहीन, खळं सारवायला हात लावीन, झोडणीला उभा राहीन. माझ्यासाठी एक विळा धार लावून ठेव. नवा भात शिजेल तेव्हा पहिला घास काकींच्या जागी, चुलीजवळ, मला ठेवू दे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अशोक