लिव्हरची तार

सांखळी, रविवार दुपार

चि. सुप्रियास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तुझ्या मशीनला घातलेल्या त्या तारेवरून कोकणीतून भांडलो, आता मराठीतून लिहितोय. हसू नकोस. शाळा मराठीतून झाली, कागद समोर आला की हात मराठीतच चालतो. शिवाय पत्र मध्येच कट करता येत नाही.

"पपा, तुका कळना" म्हणालीस आणि फोन ठेवलास. आई शेजारी तांदूळ निवडत होती. ती काहीच बोलली नाही, म्हणजे तिने सगळं ऐकलं.

आधी चांगलं लिहितो. दिवेलागणीची वेळ, डंपरांची रांग लागलेली, सुपरवायझर डोक्यावर उभा, आणि तू अर्ध्या तासात एक्स्कॅव्हेटरचा दोष पायलट लाइनपर्यंत आणलास, जॉयस्टिकचा हुकूम पुढे नेणाऱ्या कमी दाबाच्या तेलाच्या लाइनपर्यंत. इंजिन चालू, पण बूम नाही, बकेट नाही, ट्रॅकही नाही. सगळं एकदम मेलं तर मेन पंपाला हात लावायचा नाही, आधी पायलट प्रेशर बघायचं, हे मी तुला कधी शिकवलं ते मला आठवत नाही. 35-40 बार हवं तिथं गेजचा काटा हललाच नाही, आणि लॉकच्या सोलेनॉइडला, म्हणजे ती लाइन उघडणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हला, करंट जात नाही हे तू ओळखलंस. माझ्या वेळी चांगले चांगले मेकॅनिक इथं दोन दिवस पंप खोलून बसत. एवढी गोष्ट मी देवळाच्या पारावर दोनदा सांगितली.

पुढची नाही सांगितली.

लॉक लिव्हरचा नवा स्विच येईपर्यंत तू घातलेली बॅटरीवरून सोलेनॉइडला डायरेक्ट तार. आज चौथा दिवस. उतरताना लिव्हर वर केला की जॉयस्टिक मरायला हवी; आता वर केला काय आणि खाली केला काय, किल्ली फिरवली की जॉयस्टिक जिवंत. त्या लिव्हरला आता काही अर्थच राहिला नाही, फक्त ऑपरेटरला अजून तसं वाटतंय.

आणि बाय, स्विच बदलूनही मशीन चालणार नाही असं मला वाटतं. तू स्विचचा कनेक्टर काढून येणाऱ्या वायरीला मीटर लावलास, 24 व्होल्ट आले, म्हणून वायर चांगली आणि स्विच खराब धरलास. पण मीटर करंट जवळजवळ घेतच नाही. वायर आत तुटलेली असते, पावसाने टोकं हिरवी पडलेली असतात, एकाला एक कशीबशी टेकलेली. मीटरला तेवढं पुरतं, तो 24 दाखवतो. सोलेनॉइडची कॉइल करंट ओढायला लागली की तेच पाचावर येतात. कनेक्टर जोडलेला ठेव, मागून प्रोब घाल, कॉइल लोडवर असताना मोज. आणि मोजताना सीटच्या डावीकडचा, लिव्हर आणि जॉयस्टिक असलेला कन्सोल बॉक्स वरखाली करून बघ. ऑपरेटर दिवसातून वीस वेळा चढतो-उतरतो, तेवढ्या वेळा तो बॉक्स उचलला जातो, आणि खालची वायरिंग दर वेळी एकाच जागी मोडते. वरून काही दिसत नाही. बोटांनी चेपत गेलीस की मध्येच मऊ लागेल, तांबं नसल्यासारखं. तिथंच काप.

बघ, पत्रातसुद्धा मास्तरकी सुरू झाली. तुझा डिप्लोमा झाला आहे, कंपनीने लॅपटॉप दिला आहे, मी फक्त हेल्परचा इलेक्ट्रिशियन झालेला माणूस. चुकलं. पण ती तार काढलीस का?

2012 साली खाणी बंद पडल्या तेव्हा तू सातवीत. मी मीटर घरी आणला आणि गावातले पंप, मिक्सर, कुणाची इस्त्री असलं काहीबाही करत बसलो. तू शेजारी उकिडवी बसून टॉर्च धरायचीस. एकदा विचारलंस, पपा, मशीनला दोन बॅटऱ्या कशाला, एक मोठी का नाही? मी म्हटलं, 12 आणि 12, एकापुढे एक, म्हणून 24. तू टॉर्च उघडून आतले सेल बघितलेस आणि म्हणालीस, ही पण तसंच करते. त्या रात्री मी आईला म्हटलं, ही पोरगी काही मास्तरीण होत नाही. आई आठ दिवस माझ्याशी धड बोलली नाही. 2018 च्या मार्चात परत सगळं थांबलं तेव्हा मात्र मीच म्हणालो होतो, ही लाइन नको. तू ऐकलं नाहीस. बरं झालं. कधी कधी वाटतं, बरं झालं की नाही.

सुभाषकाका चवथीला आपल्याकडे जेवायला येतो तेव्हा पाटावर बसत नाही, खुर्ची मागतो. लहानपणी तू त्याला चिडवायचीस. पिसुर्ल्याकडे, पावसाच्या तोंडावर, एका मशीनला अशीच तार घातलेली होती. स्विच येणार होता. ऑपरेटर चहाला उतरला, इंजिन आयडलवर. लॉक लिव्हर त्याने नेमाने वर केला होता, त्याची काही चूक नाही. उतरताना रेनकोटचा खिसा डाव्या जॉयस्टिकला अडकला. डावा म्हणजे स्विंग, तुला सांगायला नको. बूम डंपरकडे फिरली, आणि मध्ये सुभाष ग्रीसचा डबा घेऊन उभा. आम्ही बकेट मागे घेतली तरी तो डबा त्याच्या हातात होता. सुटला नव्हता. मी बोटं एकेक करून उघडली.

तार कोणी घातली होती हे त्याने आजवर कुणाला सांगितलं नाही. मीही नाही. आईला आता कळेल, कारण पाकीट चिकटवायच्या आधी ती वाचतेच.

तुझं मशीन उभं राहिलं तर तासाचं भाडं बुडतं, साहेब ओरडतो, नवीन पोरगी म्हणून चार लोक हसतात, हे मला कळत नाही असं समजू नकोस. माझ्यावरही ओरडलेच होते. तू तार घातलीस ती कशामुळे, ते मला पक्कं माहीत आहे. म्हणून तर झोप लागत नाही.

होस्पेटला जाणाऱ्या आपल्या शेजाऱ्याबरोबर डबा पाठवतोय. सोलां आहेत, थोडं नाचण्याचं पीठ. पिठाच्या पिशवीखाली माझा जुना 24 व्होल्टचा बल्ब आहे, होल्डरला दोन वायरी जोडलेला. तो करंट ओढतो, मीटरसारखं गोड बोलत नाही. मंद पेटला की समज.

तार काढलीस की एक मिस्ड कॉल दे. बोलायला नको. फोन मी खिशातच ठेवलाय.

तुझा,
पपा

ता. क. बल्ब फक्त बॅटरीकडून येणाऱ्या वायरींवर लाव. कंट्रोलरच्या पिनला आणि 5 व्होल्टच्या सेन्सरला अजिबात नको, तिथं मीटरच. हे तुला माहीत आहे. तरी लिहिलं.