नव्या कुंपणाच्या पहिल्या छाटणीबाबत सूचना

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, बागेच्या कडेने लावलेल्या जिवंत कुंपणाची रोपे आता रुजली असून त्यांची पहिली छाटणी लांबणीवर टाकू नये. कुंपण लवकर उंच व्हावे म्हणून शेंडे तसेच वाढू देण्याकडे अनेकांचा कल असतो; परंतु शेंड्यात तयार होणारे ऑक्सिन हे संप्रेरक खालच्या डोळ्यांची (जेथून नवी फूट येते त्या अंकुरांची) वाढ दडपून ठेवते, त्यामुळे असे कुंपण वर दाट आणि बुडाशी उघडे राहते, व ती पोकळी पुढे भरून काढणे फार अवघड जाते. म्हणून रुंद पानांच्या झुडपांचे शेंडे सुमारे एक तृतीयांश कमी करावेत आणि काप निरोगी डोळ्याच्या किंचित वर घ्यावा. सूचिपर्णी झाडांना मात्र हा नियम लावू नये, कारण त्यांच्या जुन्या, पाने नसलेल्या लाकडातून सहसा फूट येत नाही. बाजू छाटताना बूड रुंद व माथा किंचित अरुंद ठेवावा, म्हणजे खालच्या पानांनाही ऊन मिळते. (दोरी ताणून घ्यावी, नजरेचा अंदाज हमखास फसतो.) कात्री धारदार व स्वच्छ असावी. पक्ष्याचे घरटे आढळल्यास पिल्ले उडून जाईपर्यंत तो भाग छाटू नये.