सूचना : येत्या काही दिवसांतील अस्थिर हवामान

अमेरिकेतील सर्व सभासदांना कळवण्यात येते की, येते तीन-चार दिवस देशाच्या मध्य भागात हवा अस्थिर राहण्याची चिन्हे आहेत. मेक्सिकोच्या आखातावरून येणारी उबदार, दमट हवा आणि रॉकी पर्वताकडून येणारी कोरडी हवा टेक्सास, ओक्लाहोमा, कॅन्ससच्या मैदानांवर समोरासमोर आली की गडगडाटी वादळे, गारा आणि कधी टोर्नॅडोही (ढगातून जमिनीपर्यंत उतरणारी विध्वंसक वावटळ) होतात. एप्रिल-मे हा त्यांचा ऐन हंगाम.

दुपारपर्यंत लख्ख ऊन पडले म्हणून निर्धास्त होऊ नका. त्या उन्हानेच संध्याकाळच्या वादळाला बळ मिळते. नॅशनल वेदर सर्व्हिसचा अंदाज सकाळ-दुपार बघत राहा. ‘वॉच’ (वादळाची शक्यता आहे) जाहीर झाला तर तयारीत राहायचे. ‘वॉर्निंग’ (वादळ दिसले आहे किंवा येऊन ठेपले आहे) आली की खिडकीशी उभे न राहता थेट तळघरात. ते नसेल तर सर्वांत खालच्या मजल्यावरच्या बिनखिडकीच्या खोलीत.

रात्री फोनवरचे आणीबाणीचे इशारे कृपया बंद ठेवू नका, ही कळकळीची विनंती. रात्रीचे टोर्नॅडो दिवसाच्या टोर्नॅडोंपेक्षा जास्त जीवघेणे ठरतात, कारण माणसे झोपेत असतात.

रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नका. फूटभर पाणीही लहान गाडी वाहून नेऊ शकते.

कोलोरॅडो-वायोमिंगच्या सभासदांनी हिवाळी टायर इतक्यात काढू नयेत. तिकडे एप्रिलमध्येही जोरदार बर्फ पडतो.

आपल्यापैकी जे ज्येष्ठ एकटे राहतात, त्यांना आजच फोन करा.