मंजुरीपत्राचं दुसरं पान

कराड,
रविवार, 12 ऑक्टोबर 2025

चि. सायलीस,
आईचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, आधी अ‍ॅडमिशन तर मिळू दे, पैशाचं नंतर बघू." मी कुकर झालाय असं सांगून फोन ठेवला. कुकर लावलेलाच नव्हता. तेवीस वर्षं बँकेच्या कर्ज विभागात बसून हेच वाक्य टेबलापलीकडच्या किती आईबापांच्या तोंडून ऐकलं, आणि दर वेळी मान हलवून पुढचा फॉर्म कसा सरकवला, ते एकदम आठवलं. फोनवर धड सांगता आलं नसतं, म्हणून लिहितेय.

कन्सल्टन्सीवाल्यांचा तो कागद बाबांनी प्रिंट काढून आणला. अमेरिकेतली आठ विद्यापीठं, दोन वर्षांचं एमएस (तिकडची मास्टर्स पदवी), खर्च बावन्न लाख, त्यातले चाळीस लाख कर्ज, "विनातारण, झटपट मंजुरी". खाली टोप्या उडवणाऱ्या मुलांचा फोटो. सगळं आहे, फक्त हप्ता किती ते कुठेच नाही. तो मी काढला. चाळीस लाख एकदम उचलायचे नसतात, दर सेमिस्टरला दहा-दहा धर. व्याज 11 टक्के. शिक्षणाची दोन वर्षं आणि वर एक वर्ष हप्ता नाही, त्याला सगळे सवलत म्हणतात, पण व्याजाचं मीटर पहिल्या उचलीपासून चालू असतं. तीन वर्षांअखेर जवळजवळ दहा लाख व्याज मुद्दलाला चिकटतं. मग पन्नास लाखांवर दहा वर्षांचा हप्ता येतो महिना 69 हजार.

तू म्हणशील, तिकडे डॉलरमध्ये पगार सुरू झाला की 69 हजार म्हणजे काय. खरं आहे, सुरू झाला की. पण गेल्याच महिन्यात एच-वन-बीच्या, म्हणजे तिकडे नोकरी करायच्या व्हिसाच्या, नव्या अर्जांवर एक लाख डॉलर भरायचा हुकूम निघाला. तो टिकेल, बदलेल, कोर्टात अडकेल. हप्त्याची तारीख काही अडकत नाही.

तुझ्या आजोबांनी तर कमालच केली. आपलं काही बोलणं त्यांच्या कानावर गेलं असणार. गुरुवारी कुणाला न सांगता एसटीनं तलाठी कार्यालयात गेले आणि सातबारा काढून आले. माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "पोरीच्या कर्जाला हा लाव." तीन एकर, त्यातला दीड एकर ऊस. मी नुसती बघत राहिले. शिक्षणकर्जाला शेतजमीन सहसा कुठलीच बँक तारण घेत नाही, बिगरशेती प्लॉट नाहीतर फ्लॅट मागतात, हे त्यांना सांगायला माझी जीभ उचलली नाही.

आता एक गोष्ट सांगते, जी मी बाबांनाही नीट सांगितलेली नाही. साल नेमकं लिहीत नाही, गाव तर नाहीच. एक मुलगा आणि त्याचे वडील आले होते. वडील हायस्कूलमध्ये शिपाई. मुलाला अमेरिकेत एमएसला प्रवेश मिळालेला. वडील खुशीत म्हणाले, "मॅडम, पहिल्या वर्षाचंच कर्ज हवंय, पुढं विद्यापीठच पैसे देणार आहे. पत्रात लिहिलंय." मी पत्र वाचलं. दुसऱ्या पानावर, तळाशी, एक ओळ होती : असिस्टंटशिपसाठी, म्हणजे विद्यापीठातच काम करून पैसे मिळवण्यासाठी, तुमचा विचार केला जाईल. विचार केला जाईल! देऊ, असं कुणी म्हटलंच नव्हतं. मला ते दिसलं, कळलं. पण मार्चअखेर होती, शाखेचं टार्गेट अडलं होतं आणि त्यांची कागदपत्रं चोख होती. मी फाईल पुढे पाठवली. दुसऱ्या वर्षी वडील पुन्हा आले, वाढीव कर्जासाठी. त्यांच्याकडे तारण उरलं नव्हतं. शेवटी रस्त्याकडेचा प्लॉट विकला. मुलगा शिकला, कर्जही फिटलं, वाईट काही झालं नाही असंच सगळे म्हणतील. पण ती ओळ त्या दिवशी मी मराठीत मोठ्यानं वाचून दाखवली असती तर त्यांनी निदान विचार करून सही केली असती.

म्हणून तुझ्या बाबतीत मी आधीच वाचून दाखवणार आहे.

तू रसायनशास्त्रातली आहेस, आणि तुझ्या विषयात एक दुसरा रस्ता आहे. अमेरिकेत विज्ञान शाखांमध्ये एमएस हे बहुतेक ठिकाणी आपल्या खिशातलं असतं, पण पीएचडीला साधारणपणे ट्यूशन माफ होते आणि वर दरमहा स्टायपेंड मिळतो. एमएस्सी करून थेट पीएचडीला अर्ज करता येतो. बदल्यात पोरांना शिकवायचं किंवा लॅबमध्ये राबायचं, टीचिंग नाहीतर रिसर्च असिस्टंट (टीए नाहीतर आरए), आठवड्याला वीस तासांपर्यंत. कन्सल्टन्सीच्या कागदावर हे का नाही, याचा अंदाज मला बँकेत बसून आलेला आहे. ज्याला कर्जच लागत नाही तो गिऱ्हाईक कुणाच्या कामाचा?

पण थांब. फुकट आहे म्हणून पीएचडी, असं मी अजिबात म्हणत नाही. पाच-सहा वर्षं एका प्रश्नाच्या मागे जायची तुझी तयारी आहे का, ते तूच ठरव. दोन वर्षांत नोकरी हवी असेल तर तसं स्पष्ट सांग, आपण दुसरा हिशेब मांडू. "पीएचडीत शिरायचं आणि मधेच एमएस घेऊन बाहेर पडायचं" असं तुझी मैत्रीण सुचवत होती म्हणे. ते मला पटत नाही. एखाद्या खऱ्या पोरीची जागा जाते त्यात.

तर समज, ऑफर आली. अभिनंदनाचा मजकूर पहिल्या पानावर असतो, तो आजोबांना वाचून दाखव. तू दुसरं पान वाच. किती वर्षांची हमी आहे, की एकाच वर्षाची आणि पुढे "निधी उपलब्ध असल्यास"? स्टायपेंड बारा महिन्यांचा की नऊ महिन्यांचा? नऊचा असेल तर उन्हाळ्यात खायचं काय, हे पत्रात कुणी लिहीत नाही, विचारावं लागतं. ट्यूशन माफ म्हणजे सगळी फी माफ नव्हे, विद्यार्थी शुल्क आणि आरोग्यविमा वेगळा कापला जाऊ शकतो. टीएशिपसाठी इंग्रजी बोलण्याची वेगळी परीक्षा अनेक ठिकाणी असते, ती पास झाल्याशिवाय वर्गावर सोडत नाहीत. आणि गाईडची ग्रँट मध्येच संपली तर विभाग टीएशिप देऊन सांभाळून घेतो का? हे विभागाच्या ऑफिसला ईमेल करून विचार, आणि आधीपासून तिथे असलेल्या दोन-तीन मुलांनाही विचार. मुलं खरं सांगतात.

विचारायला लाजायचं नाही. आपल्याकडे पैशाचं विचारलं की माणूस हावरट दिसतो असं वाटतं, आणि मुलीनं विचारलं तर जास्तच. माझ्या टेबलावर मात्र जो व्याजाचा दर तीनदा विचारायचा त्याचं खातं कधी थकलं नाही.

घाईही करू नकोस. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांनी मिळून एक ठराव मान्य केलेला आहे : आर्थिक मदतीसह आलेल्या ऑफरला उत्तर द्यायला विद्यार्थ्याला 15 एप्रिलपर्यंत वेळ द्यायचा. कुणी मार्चमध्येच "आठ दिवसांत कळवा" म्हणालं, तर त्यांचं नाव त्या यादीत आहे का ते बघ आणि नम्रपणे तारीख दाखव. तसंच, उत्तर दिल्यावरही सगळं लेखी घे. यंदाच्या वसंतात तिकडे केंद्र सरकारच्या संशोधन निधीला कात्री लागली, तेव्हा काही ठिकाणी दिलेले पीएचडी प्रवेशसुद्धा मागे घेतले गेले. म्हणून सगळी अंडी... नको, ती म्हण आपली नाही. एकाच विहिरीवर मोट लावू नकोस, एवढंच.

किती वर्षांचा पैसा, हा प्रश्न मी सगळ्यांत वर का ठेवते, सांगू? 1913 साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि बदल्यात दहा वर्षं बडोदा संस्थानाची नोकरी, असा करार होता. पुढे 1916 मध्ये ते लंडनला गेले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि 1917 मध्ये अभ्यास अर्धा टाकून परत यावं लागलं. मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी आणि एका मित्रानं मदत केली, तेव्हा कुठे 1920 मध्ये पुन्हा लंडन. एवढ्या तोलाच्या माणसाचीही तीन वर्षं पैशानं खाल्ली. शाळेत आपण त्यांच्या पदव्या पाठ करतो, मधली ही तीन वर्षं कुणी पाठ करून घेत नाही.

आता तुझा एसओपी, म्हणजे अर्जासोबतचं "मला हे का शिकायचंय" हे निवेदन. वाचला. राग मानू नकोस, पण "लहानपणापासून मला रसायनशास्त्राची ओढ होती" हे वाक्य खोडून टाक. लहानपणी तुला ओढ होती ती फक्त बर्फाच्या गोळ्याची. कर्जाच्या अर्जात "व्यवसायवृद्धीसाठी" असं लिहिलेलं असायचं, प्रत्येक अर्जात. मी ते वाचायचेच नाही, पुढे "दोन म्हशी" दिसल्या की तिथे थांबायचे. तुझ्या दोन म्हशी कुठे आहेत? चार महिने तुझी ती रिअ‍ॅक्शन लागत नव्हती, रोज रडत फोन करायचीस, आणि शेवटी सॉल्व्हंटमध्ये ओलावा राहतोय हे तूच शोधलंस. ते तिसऱ्या परिच्छेदात एका ओळीत उरकलंयस! तिथून सुरुवात कर. कुठल्या गाईडच्या कामात तुला का रस आहे तेही नावानिशी लिही, प्रत्येक विद्यापीठासाठी वेगळं.

शिफारसपत्रं तीन लागतात. तुझे एक सर म्हणालेत ना, "तूच लिहून आण, मी सही करतो"? आपल्याकडे हे सर्रास चालतं, मला ठाऊक आहे. तरी करू नकोस. तिन्ही पत्रांची भाषा एकच आली की वाचणाऱ्याला वास येतो. त्याऐवजी सरांना एक पानभर टिपण दे : कुठला प्रकल्प, काय अडलं, तू काय केलंस, कुठल्या तारखेपर्यंत अपलोड करायचं. त्यांचं काम हलकं कर, म्हणजे ते स्वतः लिहितील. आणि दिवाळीच्या सुट्टीआधीच गाठ, कारण बऱ्याच अर्जांची मुदत डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात संपते.

अर्जाची फी बऱ्याच ठिकाणी 75 डॉलरच्या आसपास किंवा पुढे असते, आणि डॉलर सध्या 88 च्या घरात आहे. आठऐवजी सहाच ठिकाणी भर, पण नीट भर. फी माफीचं विचारून बघ, परदेशी मुलांना सगळीकडे मिळत नाही, पण विचारायला पैसे पडत नाहीत. जीआरई ही प्रवेशपरीक्षा आता अनेक विभागांनी काढून टाकली आहे, जिथे लागत नाही तिथे उगीच देऊ नकोस. माझी आवर्त ठेव नोव्हेंबरात पिकतेय, एक लाख. अर्ज, इंग्रजीची टोफेल परीक्षा, व्हिसा, सगळं त्यातून. जाशील तेव्हाही काही रक्कम जवळ ठेवावी लागेल, कारण पहिला स्टायपेंड हातात पडायला महिना जातो आणि घराचं डिपॉझिट मात्र पहिल्याच दिवशी मागतात.

आणि डिसेंबरची नेट परीक्षा दे. हे हौसेखातर सांगत नाहीये. त्यातून जेआरएफ, म्हणजे इथल्या पीएचडीसाठीची संशोधनवृत्ती, मिळाली तर महिना 37 हजार आणि वर घरभाडं. ती वेळेवर येत नाही अशी पोरांची ओरड असते, तेव्हा दोन-तीन महिन्यांची गंगाजळी लागेलच. पण संशोधनाला पुण्यातच एनसीएल आहे, आयसर आहे, बंगळूरची आयआयएससी आहे. ह्या जागांना "तिकडे नाही जमलं म्हणून" असं म्हणू नकोस. एप्रिलमध्ये तुझ्या हातात दोन पत्रं असली पाहिजेत, एक तिकडचं, एक इकडचं, म्हणजे पहिल्याचं दुसरं पान तू न घाबरता वाचशील.

कर्ज कधीच घ्यायचं नाही असं माझं म्हणणं नाही. ज्या नोकरीनं आपलं घर उभं केलं ती कर्ज वाटायचीच होती. लागलंच तर फ्लॅटचे कागद लोखंडी कपाटात डावीकडे आहेत, बाबांची संमती आहे. पण ते शेवटी.

शुक्रवारी वसुबारस. गुरुवारी रात्रीच्या गाडीनं निघ. एसओपीची नवी प्रत छापूनच आण, मोबाइलवर मला वाचता येत नाही. चकलीची भाजणी दळून ठेवलीय, सोऱ्या तू फिरवायचास.

आणि आल्या आल्या एक काम तुझ्याकडे. आजोबांनी तो सातबारा देवघरात, गणपतीच्या मागे ठेवलाय. रोज पूजा झाली की त्यावरही फूल ठेवतात. बँक शेतजमीन घेत नाही हे त्यांना कुणी सांगायचं, यावर बाबा आणि मी तीन दिवस एकमेकांकडे बघतोय. तू सांग. तुझ्यावर ते रागावत नाहीत.

तुझी,
आई