बक्षीस नव्हे, गल्ला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘मासा गळाला, ५१ कोटी खिशाला’ हा मजकूर वाचला. अमेरिकेत मेरीलँड राज्यातल्या ओशन सिटी या गावी २०२३ साली एकाने ६४० किलोंचा निळा मार्लिन पकडला आणि त्याला ५१ कोटींचं बक्षीस मिळालं, असं त्यात आहे. यात दोन चुका आहेत. पहिली लहान, पण माझी हयात तसल्याच चुका पकडण्यात गेली म्हणून आधी सांगतो. तो मासा ६४०.५ पौंडांचा होता, म्हणजे साधारण २९० किलो. मी ३४ वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. मार्केट यार्डातल्या एखाद्या गाळ्यावर पौंडाचे असे किलो झाले असते, तर काटा जप्त करून पंचनामा केला असता. आपलं पत्रावर भागवतो.

दुसरी चूक ‘बक्षीस’ या शब्दात आहे आणि ती मोठी आहे. वाचणाऱ्याला वाटतं, कुणी मोठी कंपनी मासा बघून खूश झाली आणि तिने ६२ लाख डॉलर काढून दिले. तसं नसतं. ओशन सिटीची ‘व्हाइट मार्लिन ओपन’ ही स्पर्धा १९७४ पासून भरते. तिच्यात नुसतं प्रवेशशुल्क भरूनही उतरता येतं. पण खरा पैसा असतो तो वरच्या ऐच्छिक पैजांचा. सगळ्यात मोठ्या निळ्या मार्लिनची पैज वेगळी, पांढऱ्याची वेगळी, ट्यूनाची वेगळी, रोजच्या रोज लागणारीही वेगळी. ज्याने ज्या गल्ल्यात पैसे टाकले, त्याला त्याच गल्ल्यातून मिळणार. उद्या तुमचा मासा सगळ्यांत वजनदार भरला आणि त्या पैजेत तुम्ही उतरलेलाच नसलात, तर टाळ्या तुमच्या, पैसे दुसऱ्याचे. या पैजांना तिकडच्या बंदरांवर काय म्हणतात ठाऊक आहे? ‘कलकत्ता’. साहेबाच्या काळात आपल्याकडच्या घोड्यांच्या शर्यतींवर लागणाऱ्या सामूहिक पैजेचं हे नाव. २००१ साली आपण त्या शहराचं कोलकाता केलं. अटलांटिकच्या काठावर मात्र अजून कलकत्ताच चालू आहे.

म्हणजे ते ५१ कोटी हरलेल्या बोटवाल्यांचे पैसे होते. माशाची किंमत म्हणाल तर बाजारात शून्य. अटलांटिकमधला मार्लिन विकायला अमेरिकेत १९८८ पासून बंदी आहे. आपल्याकडे २०२१ च्या ऑगस्टमध्ये पालघरच्या मुरब्याच्या कोळ्यांना १५७ घोळी लागल्या आणि त्यांचे एक कोटी ३३ लाख आले. ते पैसे माशाचे होते, घोळीच्या पोटातल्या बोताला, म्हणजे हवेच्या पिशवीला, भाव आहे म्हणून आले. या दोन बातम्यांना एकच मथळा लावणं बरं नाही. एक धंद्याची आहे, दुसरी जुगाराची.

जुगाराची म्हणालो ते तुच्छतेने नाही, हेही लगेच सांगतो. जिथे पैसा पैजेचा असतो तिथे नियम किती कडक होतात, हे मला या स्पर्धांचं वाचताना फार आवडलं. त्याच २०२३ च्या जूनमध्ये नॉर्थ कॅरोलायनात मोरहेड सिटीला ‘बिग रॉक’ स्पर्धा झाली. शेवटच्या दिवशी ‘सेन्सेशन’ नावाच्या बोटीने सहाएक तास झुंजून ६१९.४ पौंडांचा, म्हणजे २८१ किलोंचा निळा मार्लिन आणला. गर्दीने जल्लोष केला. ३५ लाख डॉलर हातात आल्यासारखेच होते. पण माशाच्या अंगाचा लचका शार्कने तोडलेला निघाला. पंचांनी तज्ज्ञांना विचारलं, रात्र गेली, आणि दुसऱ्या दिवशी मासा बाद! पहिला नंबर ४८४.५ पौंडांच्या माशाला.

प्रामाणिकपणे सांगतो, पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हा अन्याय वाटला. आमच्या हिशेबाने शार्कने मांस तोडलं म्हणजे वजन घटलं, तोटा त्या बिचाऱ्याचाच. घटीव मालाला दंड कसला करायचा? मग नियमामागचा विचार कळला. जखमी मासा रक्त सांडून दमतो, लवकर हार मानतो. गळाच्या टोकाला माणूस एकटा हवा. शार्कने मदत केली तर दोघांनी मिळून मारल्यासारखं झालं. काटा बरोबर असला म्हणून तोलणं बरोबर असतंच असं नाही, हे मला निवृत्तीनंतर एका माशाने शिकवलं.

याच बिग रॉकमध्ये २०१० साली ८८३ पौंडांचा मासा आला होता, नऊ लाख डॉलरच्या वरचा. तोही बाद. कारण बोटीवरच्या एका मदतनिसाकडे मासेमारीचा साधा परवाना नव्हता. आणि ओशन सिटीला तर जिंकणाऱ्याला खोटं पकडायच्या यंत्रासमोर बसवतात. २०१६ साली ७६.५ पौंडांच्या पांढऱ्या मार्लिनवर २८ लाख डॉलर लागले होते. चाचणीत घोळ झाला, सकाळी साडेआठच्या आधीच गळ पाण्यात टाकल्याचा वहीम आला, प्रकरण केंद्रीय न्यायालयात गेलं आणि तिथेही तो माणूस हरला. पैसे बाकीच्या विजेत्यांत वाटले गेले.

लबाडी नसते असं नाही. ईरी सरोवरावर २०२२ साली दोघांनी माशांच्या पोटात शिशाचे गोळे भरले होते. पंचाला आकाराच्या मानाने वजन जास्त वाटलं, त्याने तिथल्या तिथे सुरी चालवली. दोघांना दहा-दहा दिवसांची कैद झाली, बोट गेली. हे वाचून मला हसू आलं. लोखंडी वजनाच्या बुडाला एक खळगा असतो, त्यात शिसं ओतून त्यावर आमचा छाप मारतात. काही व्यापारी ते शिसं खरवडून वजन हलकं करायचे. आपल्याकडे वजनातलं शिसं काढतात, तिकडे माशात भरतात.

एक गोष्ट मात्र मला खटकते आणि ती आपल्या मजकुरात नावालाही नाही. मी मूळचा हर्णैचा. आमच्या बंदरावर संध्याकाळी लिलाव होतो, मासा टोपलीने आणि नजरेने जातो, काटा कुणी काढत नाही. (अशा गावातला पोरगा वजनमापे खात्यात शिरला, ही आमच्या घरातली जुनी थट्टा.) पण माशाची मादी कुठली, गाभोळी कशात, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. निळ्या मार्लिनचा नर दीडशे-एकशेसाठ किलोंच्या पलीकडे सहसा जात नाही. म्हणजे काट्याला उलटी टांगलेली ती तीनशे-तीनशे किलोंची धुडं सगळ्या माद्याच. बहुतेक मासे सोडून देतात, ९९ इंचांपेक्षा आखूड निळा मार्लिन ठेवायचाच नाही असा तिकडे कायदा आहे, सगळं मान्य. पण स्पर्धाच ‘सगळ्यात मोठा’ शोधायची असली, की नेमकी जुनी, भरपूर अंडी घालणारी मादीच टांगली जाणार. आपण १ जून ते ३१ जुलै बोटी वर ओढून ठेवतो ते कशासाठी, हे आमच्या आजीला न शिकता ठाऊक होतं.

आता एवढं लिहायला बसलो त्याचं कारण. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी खडकवासल्याच्या पलीकडे एका जलाशयावर हौशी मंडळींनी गळ टाकायची स्पर्धा ठेवली होती. चाळीस जण, प्रत्येकी पाचशे रुपये, पहिल्याला दहा हजार. माझा भाचा उतरला होता म्हणून मी पोहे बांधून गेलो. तोलायला आणला होता प्रवासाच्या बॅगा तोलतात तो हुकाचा काटा. ठीक आहे, म्हटलं सुट्टीवर आहोत. भाच्याचा कटला ८ किलो २०० भरला, पहिला नंबर. पण बाकीच्यांचे मासे जाळीच्या पिशवीत तोलले होते आणि याचा गोणपाटात, तोही पाण्यात भिजवलेला, मासा तडफडू नये म्हणून. मी विचारलं, बारदान वजा केलं का? आयोजक हसले. “काका, दहा हजारांची तर गोष्ट, कशाला ताणता?” मी म्हटलं, दहा हजार तुमचे नाहीत, या चाळीस जणांचे आहेत. धडा करा, रिकामं गोणपाट तोलून वजा करा.

गोणपाट एकटं हुकाला लावलं. पाणी ठिबकत होतं. १ किलो ४००. (जाळीची पिशवी ८० ग्रॅम, तीही सगळ्यांची वजा करायला लावली.) भाचा पहिल्यावरून तिसरा झाला. तिसऱ्याला टोपी होती.

भाऊबीजेला बहीण आली, ओवाळलं, करंज्यांचा डबा ठेवला आणि चहा न घेता गेली. भाच्याने टोपी माझ्या दाराच्या कडीला अडकवून ठेवली होती.

तेव्हा किलोंचं शुद्धिपत्र आपल्या सवडीने छापा, पण ‘बक्षीस’ या शब्दाचं या आठवड्यात छापा. तिथे ‘पैजेचा गल्ला’ असं हवं. माझं नाव मात्र देऊ नये. भाच्याकडे आपलाच अंक येतो.

आपला,
एक निवृत्त वजनमापे निरीक्षक
सहकारनगर, पुणे