युकुलेले हातात आल्यावर

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या नव्या युकुलेलेचे, त्या चार तारांच्या छोट्या गिटारसारख्या वाद्याचे, फोटो पाहिले. कोआ लाकडाच्या रेषा छान उमटल्यात. घडवणाऱ्याकडून एक कागद मागून घे: तारांची लांबी, तारांची जाडी, पॉलिशचा प्रकार, पडद्यांच्या पट्टीचं लाकूड. पाच वर्षांनी दुरुस्ती निघाली की हा कागद उपयोगी पडतो.

हाताने घडवलेल्या टेनरची (तुझ्या आकाराच्या युकुलेलेची) तबली, म्हणजे वरची लाकडी फळी, दोन मिलिमीटरच्या आसपास जाड असते. आवाज त्या पातळपणामुळेच मोकळा येतो आणि लाकूड हवेला लवकर दाद देतं तेही त्यामुळेच. मिनियापोलिसच्या हिवाळ्यात बाहेरच्या गार हवेत बाष्प जवळजवळ नसतं. तीच हवा हीटरने तापवली की खोलीतली आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली जाते. वाद्याला 45 ते 55 टक्के लागतात. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने आकसतं, लांबीत फारसं नाही. म्हणून पहिली खूण डाव्या हाताला कळते: पट्टी आकसून पडद्यांची टोकं बाहेर येतात आणि बोटाला खरखरीत लागतात. मग तबली किंचित खाली बसते, तारा पडद्यांच्या जवळ येतात आणि वाजवताना झणझण ऐकू येते. त्यानंतरची पायरी म्हणजे चीर, बहुतेक वेळा मधल्या जोडावर किंवा घोडीच्या (तबलीवर चिकटवलेल्या, तारा बांधायच्या ठोकळ्याच्या) बाजूला. टोकं टोचायला लागली की कानस हातात घेऊ नकोस. आधी ओलावा दे, बरेचदा पंधरा दिवसांत ती परत आत जातात.

ओलाव्यासाठी साधी सोय: साबणाच्या प्लॅस्टिकच्या डबीला बारीक भोकं पाड, आत स्पंज ओला करून घट्ट पिळून ठेव, आणि डबी वाद्याच्या केसमध्ये (पेटीत) खुंट्यांकडच्या मोकळ्या जागेत ठेव. पाण्याचा थेंब लाकडावर पडता कामा नये. दोन्ही बाजूंनी काम करणारी 49 टक्क्यांची पाकिटं मिळतात, ती आणखी बरी: हवा कोरडी असली तर ओलावा सोडतात, दमट असली तर ओढून घेतात. पाकीट कडक झालं की बदलायचं. केसमध्ये छोटा आर्द्रतामापक हवाच, पण त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नकोस. बाटलीच्या झाकणात मीठ घे, चिखलासारखं होईल इतकंच पाणी घाल, आणि झाकण व मापक एका बंद पिशवीत दहा-बारा तास ठेव. काटा 75 वर यायला हवा. 70 दाखवत असेल तर तो पाच कमी दाखवतो, तेवढे मनात मिळवत जा. आणि वाजवून झालं की वाद्य केसमध्ये. भिंतीवर टांगलेलं वाद्य दिसायला छान दिसतं, पण तुझ्या खोलीत ती भिंत हीटरची आहे.

बाहेरच्या थंडीतून आल्यावर केस लगेच उघडू नकोस. दोन-तीन तास तशीच राहू दे, नाहीतर पॉलिशला केसासारख्या चिरा पडतात. उन्हाळ्यात बंद गाडीत तर मुळीच ठेवायचं नाही. उष्णतेने सरस मऊ पडतो आणि तारांच्या ओढीने घोडी उचलते. घोडीच्या मागच्या कडेखाली कागद सरकवून बघत जा. तो आत शिरला की तारा सैल करून कारागिराकडे जायचं.

पॉलिश कोणतं ते विचारलंस का? फ्रेंच पॉलिश असेल तर ती लाख आहे, स्पिरिटमध्ये विरघळते. सॅनिटायझर लावलेल्या हातांनी धरलंस तर ठसे कायमचे उमटतात. नायट्रोसेल्युलोज असेल तर रबरी स्टँडचे डाग पडतात. डास पळवणाऱ्या मलमात डीईईटी (DEET) हे रसायन असलं तर दोन्हींची वाट लागते. पुसायला मऊ सुती कापड पुरे.

आता तारा. स्टीलच्या तारा कधीही नाही. टेनरच्या चार तारांची मिळून ओढ साधारण वीस-पंचवीस किलो असते, स्टीलच्या गिटारची सत्तरच्या घरात. ही तबली तेवढ्यासाठी घडवलेली नाही. फ्लुरोकार्बन किंवा नायलॉन, तुझ्या कानाला आवडेल ते. एकेक तार काढून बदल. घोडीजवळ गाठ बांधताना खाली जुनं पोस्टकार्ड ठेव, कारण निसटलेल्या तारेच्या टोकाने तबलीवर खड्डा पडतो. नव्या तारा काही दिवस उतरत राहतात, त्यात खुंट्यांचा दोष नसतो.

पांढरी एक सा धरलीस तर तुझ्या तारा प, सा, ग, ध अशा लागतात, चारही एकाच सप्तकात. चौथी तार, म्हणजे आत्ताची प ची, मंद्र पंचमाला लावायची तुझी इच्छा आहे. सुंदर लागते, पण त्या तारेची जाडी एक मिलिमीटरच्या जवळ जाते आणि आत्ताची असेल सहा दशांश. नटची, म्हणजे खुंट्यांजवळ तारा टेकतात त्या तुकड्याची, खाच बारीक तारेसाठी कापलेली असली तर जाड तार वर अडकून बसते आणि पहिल्या पडद्यावर स्वर चढा येतो. खाच एकदा रुंद केली की बारीक तार त्यात झणझणते, म्हणून नट दुसरा करून घे आणि जुना जपून ठेव. तंबोऱ्याबरोबर वाजवताना गंधार किंचित चढा वाटेल. पडदे समान अंतराच्या स्वरांचे आहेत, तिथे इलाज नाही.

बाराव्या पडद्यावर तारेची उंची अडीच मिलिमीटरच्या आसपास हवी. ती अर्ध्या मिलिमीटरने कमी करायची तर सॅडल (घोडीवर तारा टेकतात तो तुकडा) खालून एक मिलिमीटर घासावं लागतं, अर्धा नव्हे. वरून घासायचं नाही, तिथली धार सुरासाठी कोरलेली असते. आणि हे सगळं आर्द्रता जागेवर असतानाच मोजायचं. जानेवारीत घासलेलं सॅडल जूनमध्ये चुकीचं ठरतं.

पट्टी भारतीय शिसवीची असेल तर प्रवासाला अडचण नाही, तयार वाद्यांना सीमेपलीकडे न्यायच्या परवान्यातून नोव्हेंबर 2019 पासून सूट आहे. ब्राझिलियन शिसवी मात्र परवान्याशिवाय सीमेपलीकडे न्यायची नाही. तरी जुलैत डोंबिवलीला येताना ते आणू नकोस. इथल्या पावसात तबली फुगते, आवाज दबतो, आणि महिनाभरासाठी त्याला एवढं हलवायला नको. इथे प्लायचं साधं युकुलेले घेऊन ठेवते, त्याला पावसाचं काही वाटत नाही.

बाराव्या पडद्यावरची उंची चारही तारांची मोजून कळव, सोबत खोलीतली आर्द्रताही.

तुझी,
आई